जळगाव–मुंबई विमानसेवा : आसन चांगले, पण वेळापत्रक कोणाच्या भरवशावर?

भुसावळच्या क्रू लॉबीत, म्हणजे गाड्यांवर चालक आणि गार्ड नेमण्याच्या कार्यालयात, मी तीसहून अधिक वर्षे काम केले. त्यामुळे कोणत्याही वाहनात बसलो की ते चालवणारा माणूस कुठून आला, त्याची झोप झाली आहे का आणि उद्या तो आला नाही तर त्याच्या जागी कोण येणार, हे प्रश्न माझ्या मनात आपोआप उभे राहतात. गेल्या वर्षभरात जाऊन-येऊन चार वेळा मी जळगाव–मुंबई हा प्रवास अलायन्स एअरच्या विमानाने केला. पत्नीच्या डोळ्यांवरील उपचारांसाठी मुंबईला जावे लागत होते आणि रात्रभराचा रेल्वेप्रवास तिला सोसत नव्हता. त्या चार प्रवासांवरून हा अभिप्राय लिहीत आहे. विमानातील सोयींविषयी लिहिण्यासारखे थोडे आहे आणि ते बहुतेक चांगलेच आहे. ही सेवा टिकेल का, याविषयी लिहिण्यासारखे मात्र पुष्कळ आहे, आणि आपल्याकडच्या प्रवाशाला त्याचीच अधिक गरज आहे, असे मला वाटते.

आधी सोयींविषयी. भुसावळहून मोटारीने निघाले की नशिराबाद ओलांडून कुसुंब्याच्या विमानतळावर पोहोचायला पाऊण तास पुरतो. विमानतळ लहान आहे, आणि ज्यांच्या घरात वयस्क माणसे आहेत त्यांच्यासाठी हा त्याचा मोठा गुण आहे. मोटारीतून उतरल्यापासून विमानाच्या पायऱ्यांपर्यंत फार चालावे लागत नाही, आणि सुरक्षा तपासणीची रांग काही मिनिटांत संपते. चाकाची खुर्ची आम्ही तिकीट काढतानाच नोंदवली होती; ती चारही वेळा वेळेवर मिळाली, आणि ती ढकलणारे कर्मचारी पत्नीशी अतिशय आदराने वागले. हे आवर्जून लिहिले पाहिजे.

विमान एटीआर ७२ जातीचे, सत्तर प्रवाशांचे आणि पंख्यांचे. पहिल्यांदा बसणाऱ्यांना पंखे पाहून शंका येते, विमान जुने असावे असे वाटते. ही समजूत चुकीची आहे. आखूड पल्ल्यासाठी या विमानाला जेटपेक्षा इंधन कमी लागते आणि लहान धावपट्टी पुरते, म्हणूनच जगभर लहान गावांच्या सेवेला ते घेतले जाते. याचा दरवाजा मागच्या बाजूला असतो, सामानाची मुख्य जागा पुढे असते आणि आसने दोन-दोन अशी असतात, त्यामुळे मधले आसन नशिबी येत नाही. पंख्यांच्या रेषेत येणाऱ्या पुढच्या भागात आवाज आणि कंप अधिक जाणवतो. ज्यांना त्याचा त्रास होतो त्यांनी शेवटच्या पाच-सहा ओळींतील आसन मागावे. डोक्यावरचा कप्पा अरुंद आहे, मोठी चाकांची बॅग त्यात मावत नाही, तेव्हा ती आधीच सामानात द्यावी. पंख खिडकीच्या वर असल्यामुळे खालचा प्रदेश मोकळा दिसतो. परतीच्या एका प्रवासात पावसाळ्यानंतरची गिरणा आणि केळीच्या बागांचे हिरवे चौकोन दिसू लागले, तेव्हा पत्नीने डोळ्यावरची पट्टी सांभाळत खिडकीला कपाळ टेकवले. हवेत असण्याचा वेळ साधारण एक तासाचा आणि तिकीट तीन हजारांच्या आत, या दोन गोष्टी लक्षात घेतल्या तर प्रवास म्हणून या सेवेला मी मनापासून चांगले म्हणतो.

मात्र तुलना करताना घड्याळ प्रामाणिकपणे लावले पाहिजे. घरातून निघणे, विमानतळावर आधी पोहोचणे, मुंबईत उतरल्यावर सामान घेणे आणि तेथील रहदारीतून रुग्णालय गाठणे, हे सगळे धरले तर चार-साडेचार तास होतात. विदर्भ एक्सप्रेसने रात्री झोपून गेले तर सकाळी सातच्या सुमारास मुंबईत उतरता येते आणि पूर्ण दिवस हाती राहतो. धडधाकट माणसाला, विशेषतः ज्याचे काम फोर्ट किंवा दादरच्या बाजूला आहे त्याला, मी आजही गाडीच सुचवीन. विमानाचा खरा उपयोग रुग्णांना, वृद्धांना, परदेशी जाण्यासाठी मुंबईच्या विमानतळावरच पोहोचायचे असणाऱ्यांना आणि त्याच दिवशी परतायचे असणाऱ्या व्यापाऱ्यांना आहे. यांपैकी कोणालाही विमान ऐनवेळी रद्द झाले तर परवडत नाही, आणि येथूनच माझा मुख्य मुद्दा सुरू होतो.

मी प्रत्येक वेळी पाहिले की मुंबईहून आलेले विमान अर्ध्या तासाच्या आसपास थांबते आणि तेच वैमानिक, तेच केबिन कर्मचारी ते परत घेऊन जातात. यात चूक काहीच नाही. लहान विमानतळावर वेगळे विमान आणि वेगळी माणसे ठेवणे कोणालाच परवडणार नाही. परंतु भुसावळला एखादा चालक आजारी पडला तर लॉबीत दुसरा असतो, रनिंग रूममध्ये विश्रांती संपवून तिसरा तयार होत असतो. विमानाच्या बाबतीत माणूस कमी पडला की तो मुंबईत कमी पडतो आणि रद्द होते ती जळगावची फेरी. ज्या कंपनीकडे मोजकी विमाने आणि मोजके वैमानिक आहेत, ती अडचणीच्या दिवशी कोणती फेरी आधी सोडून देईल, हे सांगायला फार हुशारी लागत नाही.

आपला पूर्वानुभवही हेच सांगतो. जळगावच्या नव्या विमानतळाचे उद्घाटन मार्च २०१२ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते झाले. त्यानंतर नियमित प्रवासी विमानाची वाट पाहण्यात पाच वर्षांहून अधिक काळ गेला. उडान योजनेखाली एअर डेक्कनचे अठरा-एकोणीस आसनांचे बीचक्राफ्ट विमान २३ डिसेंबर २०१७ रोजी आले आणि थोड्याच काळात ती सेवा थांबली. १ सप्टेंबर २०१९ पासून ट्रूजेटचे एटीआर मुंबई आणि अहमदाबादला जोडू लागले. २०२२ च्या फेब्रुवारीत त्या कंपनीची उड्डाणेच बंद पडली. मग २०२४ मध्ये गोव्याच्या फ्लाय ९१ ने गोवा, हैदराबाद आणि पुणे जोडले आणि त्याच वर्षी जूनमध्ये अलायन्स एअरची मुंबई सेवा सुरू झाली. विमानतळ तेथेच होता, धावपट्टी तीच होती आणि केळी, सोने, डाळी, ठिबक सिंचन यांच्या व्यापारासाठी फिरणारे प्रवासीही तेच होते. बदलत गेल्या त्या कंपन्या, आणि प्रत्येक वेळी कारण जळगावच्या बाहेरचे होते.

उडान योजनेची रचना समजून घेतली तर यात आश्चर्य वाटत नाही. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये जाहीर झालेल्या या योजनेत साधारण एक तासाच्या प्रवासासाठी ठरावीक आसनांचे भाडे मूळ २५०० रुपयांवर रोखले गेले आणि त्यामुळे कंपनीला येणारी तूट केंद्र आणि राज्य सरकार मिळून भरून देतात; महाराष्ट्रासारख्या राज्यासाठी हे प्रमाण ८० आणि २० असे आहे. ही मदत आणि त्या मार्गावरील एकाधिकार तीन वर्षांपुरता असतो. तीन वर्षांत मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहील, अशी अपेक्षा त्यामागे आहे. अपेक्षा वाजवी आहे, पण मार्ग उभा राहायला प्रवाशांची सवय लागते, सवय लागायला फेऱ्यांचा नेम लागतो, आणि नेम पाळायला विमाने व वैमानिक कायम हाताशी लागतात. अनुदान आसनांच्या हिशेबाने मिळते. राखीव वैमानिकाच्या पगाराची सोय त्यात कुठे दिसत नाही.

या बाबतीत मला स्वतःला एक धडा मिळाला आहे. काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या राज्यातील एका लहान शहरात नातलगाच्या कार्याला जाण्यासाठी मी एका छोट्या कंपनीचे तिकीट काढले होते; कंपनीचे नाव येथे लिहीत नाही. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी फोनवर संदेश आला की परिचालनाच्या कारणास्तव उड्डाण रद्द झाले आहे. पैसे पाच आठवड्यांनी परत आले, कार्य मात्र हुकले. मदत कक्षातील मुलगी वारंवार क्षमा मागत होती आणि तिच्या बोलण्यावरून इतके समजले की विमान उभे आहे, पण ते नेणारा वैमानिक नाही. तेव्हापासून तिकिटाच्या भावापेक्षा कंपनीकडे माणसे किती, याकडे मी अधिक लक्ष देतो.

रेल्वेत माझ्या डोळ्यांसमोर पुष्कळ कामे कंत्राटावर गेली. डब्यांची सफाई गेली, चादरी-ब्लँकेटे गेली, जेवण गेले. काही ठिकाणी काम सुधारले, काही ठिकाणी बिघडले. पण इंजिनात बसणारा लोको पायलट रेल्वेचाच राहिला, त्याच्या विश्रांतीचे तास आमच्या नोंदवहीत राहिले, आणि आठ तासांहून अधिक काम झाले तर मुख्यालयात, म्हणजे त्याच्या नेमणुकीच्या गावी, सोळा तासांची विश्रांती दिल्याशिवाय त्याला पुन्हा बोलावता येत नसे. चालकच कंत्राटावर गेला तर काय होते, हे मला अमेरिकेत पाहायला मिळाले.

मुलगा ओहायो राज्यात नोकरीला आहे. २०२३ मध्ये त्याच्याकडे जाताना शिकागोहून सिनसिनाटीपर्यंत एम्ब्राएर ई-१७५ या जेट विमानाने गेलो. विमानावर युनायटेडचे नाव आणि रंग होते, तिकीटही युनायटेडचे होते, पण दरवाजाजवळ बारीक अक्षरांत वेगळ्याच कंपनीचे नाव लिहिले होते. प्रवास उत्तम झाला. मुलाने समजावले की तेथील मोठ्या कंपन्या लहान शहरांच्या बऱ्याच फेऱ्या स्वतः करत नाहीत. तिकीट त्या विकतात, वेळापत्रक त्या ठरवतात, इंधनाचा भार बहुधा त्याच उचलतात. वैमानिक, केबिन कर्मचारी आणि देखभाल प्रादेशिक कंपनीची असते, आणि तिला प्रत्येक फेरीमागे ठरलेला मोबदला मिळतो. विमान रिकामे गेले तरी प्रादेशिक कंपनीचे नुकसान होत नाही. तिला खरे भय असते ते कराराची मुदत संपण्याचे.

सिनसिनाटीचे नाव ऐकून मला पुढचे विचारावेसे वाटले, कारण तेथे कॉमएअर नावाच्या कंपनीचे मोठे केंद्र होते. पन्नास आसनांची प्रादेशिक जेट विमाने सर्वांत आधी आणणाऱ्या कंपन्यांत तिची गणना होते. डेल्टा या मोठ्या अमेरिकी विमान कंपनीने ती विकत घेतली. २००१ मध्ये तिच्या वैमानिकांनी वेतन आणि कामाच्या अटींसाठी ८९ दिवसांचा संप केला आणि बरेच काही मिळवले. पुढे इंधन महागले, पन्नास आसनांचे जेट परवडेनासे झाले, डेल्टाने तीच कामे इतर प्रादेशिक कंपन्यांना वाटली आणि सप्टेंबर २०१२ मध्ये कॉमएअर बंद झाली. आपल्याकडच्या वाचकाने येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. विमान कंपनीत वैमानिकाचा पगार, पाळी, तळ (म्हणजे जेथून त्याची ड्यूटी सुरू होते ते शहर) आणि बढती हे सारे ज्येष्ठता यादीवर चालते, आणि ती यादी कंपनीपुरतीच असते. वीस वर्षे कॅप्टन राहिलेला माणूस दुसऱ्या कंपनीत गेला तर यादीत सर्वांत खाली बसतो. रेल्वेत विनंती बदली घेतल्यावर ज्येष्ठता जाते, तेव्हा माणसाची जी अवस्था होते ती मी अनेकदा पाहिली आहे. येथे तर पूर्ण कंपनीच्या वैमानिकांची तशी अवस्था झाली.

नव्या विमानांच्या ऑर्डरचा उपयोग तेथे वाटाघाटीत कसा होतो, हेही बोधप्रद आहे. अमेरिकन एअरलाइन्सने डिसेंबर २०१३ मध्ये साठ ई-१७५ विमानांची ऑर्डर दिली. ही विमाने आपल्या कोणत्या प्रादेशिक भागीदाराला द्यायची, हे मात्र मोकळे ठेवले. तिच्याच मालकीच्या एन्व्हॉय या कंपनीच्या वैमानिकांपुढे कमी वेतनवाढीचा करार ठेवला गेला. मार्च २०१४ मध्ये त्यांनी तो मतदानाने नाकारला, तेव्हा पहिली काही विमाने कंपास या दुसऱ्या कंपनीकडे गेली. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला एन्व्हॉयच्या वैमानिकांनी सुधारित करार स्वीकारला आणि त्यांना विमाने मिळाली. ज्या कंपासला ती विमाने मिळाली होती, ती एप्रिल २०२० मध्ये करोनाच्या पहिल्या तडाख्यात कायमची बंद झाली. म्हणजे वैमानिकांनी नकार दिला तरी विमान जाते, आणि होकार देणाऱ्याकडेही ते राहीलच असे नाही. अशा स्थितीत तिशीतला वैमानिक घराचे कर्ज कोणत्या भरवशावर काढणार, हा प्रश्न मला अस्वस्थ करतो.

मोठ्या कंपन्यांच्या वैमानिकांनी यावर एक बांध घातला आहे. त्यांच्या करारांतील कलमानुसार बाहेर, म्हणजे प्रादेशिक कंपन्यांना, चालवायला द्यायच्या विमानात ७६ पेक्षा अधिक आसने नसावीत आणि उड्डाणाच्या वेळचे कमाल वजन ८६,००० पौंडांच्या, म्हणजे सुमारे ३९ टनांच्या वर नसावे. या दोन आकड्यांनी जगातील कारखान्यांची दिशा ठरवली. एम्ब्राएरने ई-१७५ ची नवी, कमी इंधनाची आवृत्ती आखली. इंजिने जड असल्यामुळे ती या वजनात बसेना आणि तिचे काम थांबवावे लागले. जपानच्या मित्सुबिशीने प्रादेशिक जेटवर अनेक वर्षे घालवली आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये तो प्रकल्प सोडून दिला. या मर्यादेची अडचण तिच्याही वाट्याला आली होती. म्हणून अमेरिकी कंपन्या आजही जुन्या रचनेचेच ई-१७५ मागवत आहेत. स्कायवेस्टने जून २०२५ मध्ये अशा आणखी साठ विमानांची ऑर्डर दिली.

सुरक्षेशी याचा संबंध १२ फेब्रुवारी २००९ रोजी सर्वांसमोर आला. त्या रात्री बफेलो शहराजवळ एक टर्बोप्रॉप, म्हणजे पंख्यांचे, विमान घरावर कोसळले आणि पन्नास माणसे गेली. तिकीट कॉन्टिनेन्टलच्या नावाचे होते, विमान कोलगन एअर ही प्रादेशिक कंपनी चालवत होती. चौकशीत प्रशिक्षण, थकवा, कमी पगार आणि ड्यूटीवर येण्यासाठी वैमानिकांना करावा लागणारा लांबचा प्रवास, हे सगळे विषय निघाले. त्यानंतर २०१० मध्ये केलेल्या कायद्याने दोन मोठे बदल झाले. प्रवासी विमानाच्या सहवैमानिकालाही साधारण १५०० तासांच्या उड्डाणाचा अनुभव आवश्यक ठरला, आणि तिकीट विकताना विमान प्रत्यक्षात कोण चालवणार, हे संकेतस्थळावर पहिल्याच ठिकाणी दाखवणे बंधनकारक झाले. दुसरा बदल मला फार महत्त्वाचा वाटतो. आपल्या जिवाची जबाबदारी कोणाकडे आहे, हे पैसे देण्यापूर्वी कळणे हा प्रवाशाचा हक्क आहे.

आता आपल्याकडे येऊ. जळगावच्या सभांमधून आणि वर्तमानपत्रांतून अधूनमधून मागणी होते की येथे जेट विमान आले पाहिजे, धावपट्टी वाढली पाहिजे. सध्याची धावपट्टी सुमारे १७०० मीटरची आहे. ती एटीआरला पुरते, एअरबस ए-३२० सारख्या मोठ्या जेटना नाही. धावपट्टी वाढवायला माझा विरोध नाही. परंतु जेट म्हणजे प्रगती आणि पंखा म्हणजे मागासपणा, ही समजूत सोडली पाहिजे. विजयवाड्याच्या एअर कोस्टाने फेब्रुवारी २०१४ मध्ये सिंगापूरच्या विमान प्रदर्शनात पन्नास एम्ब्राएर ई-२ जेट विमानांची ऑर्डर जाहीर केली, किंमत जवळजवळ तीन अब्ज डॉलर. त्या जातीचे पहिले विमान कारखान्यातून कोणत्याही ग्राहकाकडे जाण्याआधीच, फेब्रुवारी २०१७ च्या अखेरीस, एअर कोस्टाची उड्डाणे थांबली. याउलट कोल्हापूरच्या घोडावत समूहाच्या स्टार एअरने पन्नास आसनांच्या छोट्या जेटपासून २०१९ मध्ये आरंभ केला आणि नंतर ७६ आसनांची ई-१७५ विमाने आणली. ती वाढ बेताबेताने झाली आणि आजवर टिकली आहे. ऑर्डरचा आकडा ऐकून टाळ्या वाजवण्याऐवजी कंपनीकडे प्रत्येक विमानामागे प्रशिक्षित वैमानिकांच्या किती जोड्या आहेत, हे लोकप्रतिनिधींनी विचारावे, अशी माझी विनंती आहे. आठवड्याचे सातही दिवस नेमाने येणारे पंख्याचे विमान जळगावच्या अधिक उपयोगाचे आहे.

आणि वैमानिक तर आपल्या खानदेशातच घडतात! शिरपूरजवळ तांडे येथे प्रशिक्षण अकादमी आहे, धुळ्याच्या गोंदूर धावपट्टीवर मुंबईच्या जुन्या फ्लाइंग क्लबचे प्रशिक्षण चालते, आणि जळगाव विमानतळावरही छोटी विमाने घिरट्या घालताना दिसतात. जुलै २०२१ मध्ये चोपडा तालुक्यातील वर्डीच्या शिवारात प्रशिक्षण विमान कोसळले, प्रशिक्षकाचा मृत्यू झाला आणि जखमी विद्यार्थिनीला गावकऱ्यांनी झोळी करून डोंगरउतारावरून खाली आणले. ती बातमी आमच्या भागातील माणसे अजून विसरलेली नाहीत. हे शिक्षण घेणाऱ्या मुलांविषयी येथे आपुलकी आहे.

आमच्या शेजाऱ्यांची मुलगी त्यांतलीच एक. वडिलांनी यावल तालुक्यातील केळीची चार एकर जमीन विकून तिला शिकवले. व्यावसायिक परवान्यासाठी लागणारे दोनशे तास तिने पूर्ण केले, परीक्षा दिल्या, वैद्यकीय तपासणी उत्तीर्ण झाली, आणि त्यानंतर दोन वर्षे घरी बसून राहिली. एकीकडे देशात वैमानिक कमी आहेत असे सगळे म्हणतात, दुसरीकडे परवाना मिळालेली मुले बेकार आहेत, हे कोडे तिने मला उलगडून दाखवले. “काका, कमतरता कॅप्टनची आहे, आमची नाही,” ती म्हणाली. कॅप्टन व्हायला हजारो तास उडावे लागते, ते तास मिळायला कोणीतरी सहवैमानिक म्हणून घ्यावे लागते, आणि घेण्याआधी ठरावीक विमानाचे वेगळे प्रशिक्षण लागते, ज्याचा खर्च पुन्हा कित्येक लाखांत जातो. तिला एका कंपनीने घेताना हा खर्च स्वतः करायला सांगितला आणि वर काही वर्षांचे बंधपत्र लिहून घेतले. घेण्याचे पत्र दिल्यानंतर कंपनीने रुजू होण्याची तारीख तीनदा पुढे ढकलली. तिच्या वडिलांनी त्या काळात मोजलेले व्याज मला ठाऊक आहे.

लहान कंपन्यांची बाजूही मी समजू शकतो. त्या एटीआरवर नवख्या मुलांना तयार करतात आणि पुरेसे तास होताच मोठी कंपनी अधिक पगार आणि एअरबसची संधी देऊन त्यांना घेऊन जाते. म्हणून नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०१७ मध्ये कॅप्टनसाठी एक वर्षाची आणि सहवैमानिकासाठी सहा महिन्यांची नोटीस ठरवली. वैमानिकांच्या संघटनांना ती जाचक वाटते. कंपन्यांना ती अपुरी वाटते. २०२३ मध्ये अकासा एअरचे चाळीसहून अधिक वैमानिक नोटीस पूर्ण न करता गेले तेव्हा कंपनीने मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली आणि तिला अनेक फेऱ्या रद्द कराव्या लागल्या. माझे मत असे आहे की माणूस बंधपत्राने थांबत नाही. लॉबीत मी पाहिले आहे की चालक टिकतो तो पाळी आधी कळल्यामुळे, सुटी मिळाल्यामुळे आणि मुलांच्या शाळेच्या गावी तळ मिळाल्यामुळे.

विश्रांतीच्या बाबतीत तर मी तडजोड मानतच नाही. महासंचालनालयाने वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली आणि रात्री विमान उतरवण्यावर मर्यादा घातल्या. हे नियम २०२५ मध्ये दोन टप्प्यांत लागू झाले. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोसारख्या बलाढ्य कंपनीची हजारो उड्डाणे रद्द झाली, तेव्हा पुष्कळांनी नियमांना दोष दिला. नियम जवळजवळ दोन वर्षे आधी ठाऊक होते. नव्या विश्रांतीच्या हिशेबाने माणसे वाढवावी लागतात, हे कोणत्याही क्रू कंट्रोलरला पहिल्या दिवशी कळते. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत, तर जळगावला येणाऱ्या लहान कंपन्यांनी राखीव वैमानिक ठेवलेच पाहिजेत, आणि सरकारने अनुदान देताना त्याची अट घातली पाहिजे.

आता ज्यांना तिकीट काढायचे आहे त्यांच्यासाठी. अलायन्स एअर सरकारच्या मालकीची आहे. एअर इंडिया जानेवारी २०२२ मध्ये टाटा समूहाकडे गेली तेव्हा ही कंपनी त्या विक्रीत नव्हती. त्यामुळे ती एका रात्रीत नाहीशी होण्याची भीती मला कमी वाटते, मात्र तिच्याकडची विमाने थोडी आहेत आणि देशभर विखुरलेली आहेत. फेऱ्यांचे दिवस हंगामानुसार बदलतात, म्हणून जुन्या वेळापत्रकावर विसंबू नये. रुग्णालयाची वेळ असेल तर एक दिवस आधीचे विमान घ्यावे. मुंबईहून परदेशी जाणाऱ्यांनी दोन उड्डाणांत किमान एक रात्र ठेवावी. तिकीट काढताना स्वतःचा फोन क्रमांक द्यावा, दलालाचा देऊ नये, कारण रद्द झाल्याचा संदेश त्याच क्रमांकावर येतो. आणि शक्य असेल तेव्हा हे विमान वापरावे. रिकामी आसने पाहून मार्ग बंद करण्याचे कारण आपण कोणाला देऊ नये.

पत्नीची पुढची तपासणी दिवाळीनंतरच्या मंगळवारी आहे. सोमवारच्या विमानाची दोन तिकिटे मी काढली आहेत, आणि त्याच रात्रीच्या विदर्भ एक्सप्रेसची दोन आरक्षणेही करून ठेवली आहेत. शेजाऱ्यांच्या मुलीला अखेर रुजू होण्याची तारीख मिळाली असून ती एटीआरच्या प्रशिक्षणासाठी गेली आहे. तिचा तळ कोणता असेल, हे कंपनीने अजून कळवलेले नाही.